ऐकणारीने आधी जेवायचं

"मूठ मीट," कमळाबाई म्हणाली.

बिट्रिसने मिटली नाही. कमळाबाईने स्वतःच तिची बोटं तांदळाच्या चार दाण्यांवर दुमडली.

"माझं व्रत हाय. कुणाला कहाणी सांगितल्याबिगर मला जेवता येत नाय. बाकीच्या बाया पोरांच्या मागं. तूच मोकळी हायस. नुस्ता हुंकार देत जा. आन् ऐकणारीने आधी जेवायचं, मग सांगणारीने. तसा नेमच हाय."

असा नेम कुठेच नव्हता. व्रतही नव्हतं. कमळाबाई ठाण्यातल्या एका वकिलाच्या घरी मीठ पोचवायला जायची. एकदा घरात कोणी नव्हतं, तेव्हा वकिलीणबाईंनी तिच्याच हाती दाणे देऊन तिला मागच्या पायरीवर कहाणी ऐकायला बसवलं होतं. ऐकणारं माणूस मिळेपर्यंत त्या उपाशी होत्या. व्रताबद्दल कमळाबाईला एवढंच ठाऊक होतं.

प्लेगचं पहिलं साल होतं. ज्या घरात माणूस दगावलं, त्या घरातल्यांना खाडीकाठच्या छावणीत तट्ट्यांच्या झोपड्यांत आणून ठेवत. कमळाबाईचा नवरा धाकू गेला होता. समोरच्या चटईवर ठाण्याच्या किरिस्ताव कोळ्यांतली बिट्रिस होती. तिची लेक लुर्दस गेली होती, आठ वर्षांची. तेव्हापासून बिट्रिस बोलली नव्हती की जेवली नव्हती. छावणीतली दाई गोदा सकाळी कमळाबाईच्या कानाशी येऊन म्हणाली होती, "ही अशीच राहिली तर वाचत नाही." मग कमळाबाईने वाडग्यातली पेज बाजूला सारली. आपली आणि तिचीही. तशी ती अळणी पेज मिठागरात जन्म गेलेल्या बाईच्या घशाखाली उतरणारी नव्हतीच.

"आटपाट नगर होतं," ती म्हणाली. "तिथली राणी मिठागरात राबायची."

बऱ्याच वेळाने बिट्रिसचे ओठ हलले.

"राणी? आन् मिठागरात?"

"राजा दारुडा होता. काय करेल बिचारी? जेव आधी, मग सांगते."

बिट्रिस तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने दोन घोट पेज घेतली. त्यानंतर "हुं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चार घोट. तिसऱ्या दिवशी वाडगं अर्धं झालं. राणीने खाडीत होडी घातली, मगरीशी भांडण काढलं, राजाला फरफटत घरी आणलं. कमळाबाईने आयुष्यभर मीठ ओढलं होतं, पोरं वाढवली होती. नसलेलं काही उभं करण्याची सवड तिला कधी मिळाली नव्हती. आता पाणी भरतानाही तिला राणीची काळजी लागायची. मगर परत आली तर? शेजारच्या बायाही चटया सरकवून जवळ बसू लागल्या. एकीने तर बजावलं, "राजाला मारू नको हां, सुधारेल तो."

एका दुपारी राणी मगरीशी भांडण सोडून स्वैपाकाला बसली. कमळाबाईने कहाणीतच चूल पेटवली, तव्यावर सुकट टाकली, वरून लसूण ठेचून घातला. झोपडीभर वास सुटल्यासारखं झालं. मगरसुद्धा काठावर येऊन बसली.

"मग राणीने भाताचा गोळा उचलला, त्यावर सुकट ठेवली आन्..."

बोलता बोलता कमळाबाईने हातातलं वाडगं तोंडाला लावलं. एक मोठा घोट घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याला तिच्या ध्यानात आलं. कहाणी संपलेली नव्हती. बिट्रिसने आज अजून पेजेला हातही लावला नव्हता.

वाडगं तिच्या हातात थिजलं. व्रत मोडलं होतं, सगळ्यांच्या देखत. थाप उघडी पडली की ही पोर पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल.

बिट्रिसने मूठ उघडली. दाणे चटईवर ठेवले. मग तिला हसू आलं, आधी नाकातून, मग मोकळं.

"व्रताच्या कहाणीतली राणी सुकट भाजते व्हय गं? मी किरिस्तावीण, मला पन ठाऊक हाय."

"कवा कळलं तुला?"

"पयल्याच दिवशी."

"मग रोज ऐकत कशाला होतीस?"

बिट्रिसने आपलं वाडगं पुढ्यात ओढलं.

"व्रत तू नंतर काढलंस, बाय. त्याच्या आधी दोन दिस तुझी पेज माझ्या पेजेसंगट तशीच परत जात होती. मला वाटलं, ही बाई माझ्या डोळ्यांदेखत मरेल. तू जेवावंस म्हनून मी आधी जेवत होते."