राहतो का इथं?

"लय सिधा माणूस आहे जी, कोणाच्या अध्यात ना मध्यात," गल्लीतले नत्थूजी म्हणाले. शेजारची सुभद्रा हेच बोलली, पानठेलेवालाही हेच. पुढच्या दारातही तेच शब्द ऐकले, तेव्हा प्रेमानंदच्या चौकशीला आलेल्या हवालदार शामला मेश्राम भडकल्या.

मायानं सगळी गल्ली पढवून ठेवली होती. मन चांगलं, पण अक्कल गहाण! तिचा भाऊ प्रेमानंद दोन वर्षांपूर्वी छिंदवाड्याच्या जेलमधून मुदतीआधी सुटला होता, तो एका अटीवर: नागपुरात बहिणीच्या घरीच राहायचं. हुकूम मध्य प्रदेशचा, नजर इथल्या पोलिसांची. अट मोडली की परत जेल.

"मायाबाई, दोन वर्षांत कोणाशी साधं भांडण नाही? मग हा इथं राहतच नसेल. ठाण्यात हजेरीपुरता येत असेल. मी तसंच कळवते तिकडे."

मायाच्या तोंडचं पाणी पळालं. प्रेमानंद दारात हात जोडून उभा होता. तोंड उघडायचं नाही, असा बहिणीचा सक्त हुकूम होता.

तेवढ्यात समोरचं दार धाडकन उघडलं. अंजनाबाई! त्यांना पढवायला जायची मायाची हिंमतच झाली नव्हती.

"कोण म्हणते राहत नाही?" पदर खोचत अंजनाबाई अरुंद गल्ली ओलांडून आल्या. "याच्या कूलरचं पाणी रोज माह्या भिंतीवर उडते, मॅडम. सकाळी नळाले पहिला पाईप याचाच. अन् घोरते असा, का मले माह्या घरात झोप नाही!"

मायानं कपाळावर हात मारून घेतला. संपलं सगळं.

प्रेमानंदला मात्र राहवलं नाही. "अन् तुमच्या कोंबड्या? सकाळी सकाळी माह्या अंथरुणावर येऊन बसतात, ते नाही सांगत?"

"पाह्यलं, मॅडम? रोज असंच उलटून बोलते!"

"मले बोलून राहिल्या तुम्ही, तर मी काय चूप बसू?"

शामलाबाईंना हसू आवरेना. "बस, बस! पटलं. राहतो हा इथंच. तेच कळवते."

माया पायरीवर मटकन बसली आणि रडता रडता हसायला लागली. प्रेमानंदच्या जोडलेल्या हातांचं काय करावं हे त्यालाच कळेना.

निघताना शामलाबाईंनी खोडी काढली. "एवढा ताप आहे, अंजनाबाई, तर पाठवून देऊ का याले परत छिंदवाड्याले?"

अंजनाबाई प्रेमानंदच्या पुढ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"काहून? भांडण अर्धं आहे आमचं अजून!"