कान झाक

आमच्या घरात कुठलाही आवाज आधी सांगून करावा लागतो. अचानक काही वाजलं, की आमची नऊ वर्षांची ठकी टेबलाखाली जाऊन बसते, ती तासभर बाहेर येत नाही. म्हणून मिक्सर लावायच्या आधी मी तिच्यासमोर जाऊन सांगते, "कान झाक, मिक्सर लावतेय." तिने झाकले, की मगच बटण. तिच्या बाबांना तर शिंकसुद्धा वर्दी देऊन द्यावी लागते. आम्हा नवरा-बायकोचं भांडणही सांगूनच होतं. तिने कान झाकेपर्यंत निम्मा राग उतरलेला असतो.

बाबांची बदली झाल्याचंही तिला महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. आज सकाळी ते निघाले. मी दारात डोळे पुसत होते आणि ठकी आपली त्यांच्या बॅगेची चेन उघडत होती, लावत होती. ते गेल्यावर शेजारच्या काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "एका परीने बरंच आहे गं, हिला काही कळत नाही." खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तसंच वाटलं होतं.

संध्याकाळी मी भांडी घासत होते. ठकी येऊन शेजारी उभी राहिली. मी नळ बंद करेपर्यंत थांबली. मग हळूच म्हणाली,

"आई, कान झाक. मी आता रडणार आहे."