बाईंची नवी पट्टी

शाळेमागचा खड्डा उकरायला दुसरीचा अख्खा वर्ग मातीत बसला होता. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांनी त्यात केळ्याची सालं, शिळी भाकरी आणि वेफर्सचं पाकीट पुरलं होतं. काय कुजतं, काय उरतं ते आज कळणार होतं.

दाभाडेबाई नवीकोरी प्लास्टिकची पट्टी घेऊन कडेला उभ्या होत्या. जुनी लाकडी पट्टी नेमकी सुट्टीच्या तोंडावर गायब झाली होती. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता.

सालं आणि भाकरी मातीत मिसळून गेली होती. पाकीट मात्र चकाकत होतं.

“बघितलंत? प्लास्टिक कुजत नाही. तुमच्या नातवंडांपर्यंत असंच राहील,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात वाळवीने अर्धी खाल्लेली लाकडी पट्टी वर आली. “कुजली! कुजली!” मुलं नाचायला लागली.

बाईंचा पारा चढला. “हा उद्योग कुणाचा?” त्यांनी नवी पट्टी उगारली.

सगळे मागे सरकले. चिमुरडी शरयू तेवढी त्या पट्टीकडे बघत रडवेली झाली.

“बाई, ही नका ना वापरू! ही तर आमच्या नातवंडांनापण बसेल!”