डेक होईपर्यंत

"दोन नट नाहीत," डेकखालून डेलचा आवाज आला. "मागच्या खेपेला तीन नव्हते. प्रगती आहे म्हणायची, ऑरिन."

ऑरिन ट्वेटने त्याच्यासाठी कॉफी ओतली. डेल हा गावचा बांधकाम तपासनीस. तो गुडघ्यांची माती झटकत बाहेर आला, कार्डावर 'नापास' लिहिलं आणि कॉफीला नको म्हणून निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला की जमीन एकदा गोठली की तो एप्रिलपर्यंत यायचा नाही.

घराला लागून मागच्या अंगणात काढलेला असा लाकडी ओटा, म्हणजे डेक, दोन माणसांनी मनावर घेतलं तर दोन आठवड्यांत उभा राहतो. ऑरिनचा सोळावा महिना चालू होता. लाकडाच्या वखारीतले लोक विचारत, बायबलातल्या नोहाचं तारू तरी याच्या आधी पाण्यात उतरलं असेल ना? ऑरिन म्हणे, नोहाला तपासनीस नव्हता.

खरी गोष्ट वखारीत कुणाला ठाऊक नव्हती. घटस्फोटाच्या कागदात त्याच्या बायकोने, लव्होनने, एकच ओळ मुद्दाम घालून घेतली होती. वीस वर्षं कबूल केलेला डेक ऑरिनने बांधून द्यायचा. तोवर तळघरातल्या खोलीत राहायचं. तपासनिसाची सही झाली की निघायचं.

आणि ऑरिनला निघायचं नव्हतं.

भांडण असं काही झालंच नव्हतं. एकतीस वर्षांच्या संसारातल्या शेवटच्या हिवाळ्यात दोघांची मिळून चाळीसेक वाक्यं झाली असतील, त्यातली निम्मी बर्फाबद्दल. मार्चमध्ये एकदा भांडी पुसता पुसता लव्होन म्हणाली, "मला वाटतं, आता पुरे करावं." ऑरिन म्हणाला, "बरं." मिनेसोटाच्या त्या भागात साध्या कॉफीलासुद्धा तिसऱ्या आग्रहाशिवाय कुणी हो म्हणत नाही. संसार मोडायला मात्र तिने एकदाच विचारलं आणि हा पहिल्याच फटक्यात हो म्हणून बसला.

मग त्याने वेळ काढायला सुरुवात केली. खांबांचे खड्डे गोठणाऱ्या थराच्या खाली, साडेचार फूट न्यावे लागतात. नाहीतर हिवाळा खांब उचलून टाकतो. यंत्र भाड्याने आणलं असतं तर एका सकाळचं काम. ऑरिनने सहा खड्डे फावड्याने खणले, पाच आठवडे. काँक्रीट आठवड्यात वाळतं, त्याने महिनाभर वाळू दिलं. फळ्या ओल्या आहेत म्हणून शरद ऋतू घालवला. पुढे बर्फ पडलं आणि सहा महिने आयतेच मिळाले.

लव्होनने कधी घाई केली नाही. संध्याकाळी ती तळघराच्या जिन्यावर जेवणाची झाकलेली थाळी ठेवायची. तपासणीच्या दिवशी वरूनच विचारायची, डेल काय म्हणाला? नापास केलं म्हटलं की म्हणायची, मेला फारच कडक आहे. त्या दिवशी थाळीत बटाट्याचा घास जरा जास्तच असायचा.

इथवर सगळं ऑरिनच्या मनासारखं होतं. पण नट त्याने काढले नव्हते.

जुलैत पहिल्यांदा गेले. तुळई खांबांना धरून ठेवणारे सगळे बोल्ट त्याने स्वतः आवळले होते. डेल आला तेव्हा तीन उघडे. ऑगस्टमध्ये त्याने आवळलेल्या प्रत्येक नटावर खडूची खूण केली. खूण केलेलेच नाहीसे झाले. चोर काही नट नेण्यासाठी येत नाही, आणि डेकखाली ऑरिनशिवाय कुणी शिरत नसे. म्हणजे कुणीतरी ते काढत होतं आणि काढल्याचं विसरत होतं.

ऑरिनच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. दुधाची बाटली टपालाच्या पेटीत, बूट भट्टीत. शेवटची नऊ वर्षं आईने त्यांना लहान मुलासारखं आंघोळ घातली. ऑरिन तेव्हा मोरीच्या दाराशी टॉवेल धरून उभा राहायचा. आता तो अडुसष्ट वर्षांचा होता.

बुधवारी थाळी ठेवायला लव्होन आली तेव्हा तो पायरीवरच बसला होता.

"लव्होन, मी हल्ली विसरल्यासारखं करतो का?"

थाळी तिच्या हातातच राहिली. "काय विसरलास?"

"करतो आणि आठवत नाही, असं काही. डेकवर."

ती बराच वेळ थाळीवरचं झाकण नीट करत राहिली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "या वयात होतं असं. मनावर नको घेऊ."

म्हणजे तिलाही दिसलं होतं. ऑरिनने मान हलवली आणि निमूट जेवला. ती बायको असती तर तिने त्याचं सगळं केलं असतं, याची त्याला खात्री होती. कागदाने आता ती त्याची कुणी नव्हती. तिच्या गळ्यात हे पडायच्या आत, डुलुथला भावाकडे जायचा रस्ता आठवतोय तोवर निघायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी लव्होन चर्चमध्ये बायकांबरोबर गोधड्या शिवायला गेली. तिच्या नकळत ऑरिनने डेलला बोलावून ठेवलं होतं. त्याने नवे नट लावले, सगळे आवळले आणि डेल येईपर्यंत तिथून हलला नाही. नऊ वाजता डेल आला, खाली शिरला, बाहेर आला आणि सही केली.

"झाला बाबा एकदाचा. आता काय करणार तू?"

"बघू," ऑरिन म्हणाला.

दोन बॅगा भरल्या. सही केलेलं कार्ड स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाच्या डबीखाली ठेवलं. चिठ्ठी लिहावी असं वाटलं, पण लिहायचं ते कार्डावर होतंच. अकरा वाजता त्याचा ट्रक गल्लीतून बाहेर पडला.

लव्होन साडेबाराला परतली. ट्रक जागेवर नव्हता, म्हणजे ऑरिन वखारीत गेला असणार, तास तरी मोडणार. ती घरात गेलीच नाही. गाडीच्या डिकीतून तिने पाना काढला, थंड गवतावर गुडघे टेकून डेकखाली शिरली. जमीन गोठायला जेमतेम दोन आठवडे उरले होते, म्हणून या खेपेला तिने चांगले चार नट काढले.