सहा वितींची फळी

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: वर्गातल्या कोनाड्यात पुस्तकांसाठी फळी बसवायचीय आणि माप हर्षदाने घ्यायचंय. टेप वापरायची नाही, हा बाईंचा नियम.

तिने विती टाकून कोनाडा मोजला. सहा भरल्या. सुतारकाकांनीही सहा विती मोजून फळी आणली. ती कोनाड्याबाहेर वीतभर आली.

“हिला मोजताच येत नाही!” मुलं ओरडली.

हर्षदाने पुन्हा कोनाडा मोजला. सहाच! काकांनी फळी मोजली. सहाच! मग चुकलं कुणाचं? ती गोंधळली.

काकांनी करवत उचलली. “किती कापू, पोरी? तोकडी झाली तर दुसरी फळी नाही.”

हर्षदाला आकडा सांगायचा धीर होईना. तिने आपला पंजा काकांच्या पंज्यावर ठेवला. त्यांची बोटं पेरभर बाहेर राहिली.

मग तिने वेणीची रिबीन सोडली, कोनाड्यात ताणली, कोनाडा संपला तिथे गाठ मारून काकांना दिली.

“फळी एवढीच ठेवा.”