जिभेखाली

"तोंड उघड, माय."

रुखमाबाईने तोंड उघडलं. मग न सांगता जीभ वर केली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली. दिव्यानीने वाकून नीट पाहिलं. गोळी गेली होती. तिने पाण्याची बाटली पिशवीत ठेवली.

चंद्रपूरच्या दवाखान्यात मायलेकी बसल्या होत्या त्याच बाकावर सिंदेवाहीकडचे लटारूभाऊ बायकोच्या नंबराची वाट पाहत बसले होते. त्यांना राहवलं नाही.

"बाजारात बैलाचे दात पाहतेत तसं पाहून राह्यली तुमची पोरगी. इकाले काढली का मायले?"

बाकावरची माणसं हसली. रुखमाबाईही हसली, पदर तोंडावर धरून.

दिव्यानी हसली नाही. ती गावची आशा सेविका होती. रक्तवाढीच्या, लोहाच्या लाल गोळ्या नेऊन द्यायच्या, त्या बाया खातात की नाही ते पाहायचं, हे तिचं रोजचं काम. गोळी जिभेखाली कशी लपते आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे कशी जाते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. किमो सुरू झाल्यापासून मायचं रक्त उतरत चाललं होतं. ते वाढलं नाही तर पुढची किमो देता येणार नाही, असं डॉक्टर मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या. गोळ्या चालूच होत्या आणि रक्त वाढत नव्हतं. मग एका सकाळी गव्हाणीजवळ झाडताना तिला लाल गोळी सापडली.

हातातून सुटली, बोटांले काई समजत नाई आता, असं माय म्हणाली होती. दिव्यानीने हे गावात फार वेळा ऐकलं होतं. सगळ्यांच्या गोळ्या हातातूनच सुटायच्या. तेव्हापासून दोन्ही वेळा ती गोळी स्वतःच मायच्या जिभेवर ठेवायची आणि समोर उभी राहायची, अंगणात शेजारणी बसलेल्या असल्या तरी. अंगणवाडीत तर पोटुश्या बायांना तिने सांगूनही टाकलं होतं, माझी मायच फेकते तर तुमचं काय घेऊन बसू.

नंबर लागला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. रक्त आणखी उतरलं होतं.

"आता माह्या समोर घेते, मॅडम," दिव्यानी म्हणाली. "पन आधी फेकत होती. त्याचंच हे झालं. तुमीच बोला तिले."

रुखमाबाई मांडीवर ठेवलेल्या हातांकडे पाहत राहिली.

डॉक्टर तिला रागावल्या नाहीत. या गोळ्या बंद करा, असं म्हणाल्या. शरीरात लोह पुरेसं होतं. किमोने रक्त तयार होण्याचं कामच मंदावलं होतं, आणि ते गोळ्यांनी सुधारणारं नव्हतं. आज रक्त चढवावं लागेल, पुढच्या किमोचं नंतर पाहू. मग मान वर न करता, लिहिता लिहिता त्यांनी सांगितलं, "एकही गोळी चुकली नसती तरी हेच झालं असतं."

"नाई चुकली जी," रुखमाबाई म्हणाली. "ते एक पडली तेवढीच."

दिव्यानीने रिपोर्टची घडी घातली. ती नीट बसेना म्हणून पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

वॉर्डात खाटेशी रक्ताची पिशवी टांगली. रक्त चढताना ताप येऊ नये म्हणून रीता सिस्टरने एक पांढरी गोळी रुखमाबाईच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला. रुखमाबाईने दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी गोळी उचलली. बोटं मिटली, पण गोळी त्यांच्यात नव्हती. ती चादरीवरून घरंगळत खाटेखाली गेली. रुखमाबाईला ते कळलं नाही. मिटलेली बोटं तिने तोंडाशी नेली, घोटभर पाणी प्याली आणि गिळलं.

"पडली वं मावशी," सिस्टर म्हणाली.

रुखमाबाईने आधी बोटांकडे पाहिलं, मग दिव्यानीकडे. "मी नाई फेकली," ती घाईने म्हणाली.

दिव्यानी खाली वाकली. खाटेखाली गोळी समोरच पडलेली होती, तरी ती उचलायला तिला वेळ लागला. तोवर सिस्टरने दुसरी गोळी रुखमाबाईच्या जिभेवर ठेवून तिला पाणी पाजलं होतं.

दिव्यानी उभी राहिली तेव्हा माय तिच्याकडे तोंड करून बसली होती. तोंड उघडं.

"हे काऊन, मावशी?" सिस्टरने विचारलं.

रुखमाबाईने तोंड तसंच उघडं ठेवलं.

बाईचं रक्त कमी आहे का ते नखांवर, डोळ्यांच्या पापणीत आणि जिभेवर पाहायचं, हे आशांना पहिल्याच प्रशिक्षणात शिकवतात. दिव्यानीने गावातल्या कितीतरी बायांच्या जिभा तशा पाहिल्या होत्या. मायच्या तोंडात ती रोज दोनदा पाहत आली होती, पण जिभेखाली. आता तिला जीभ दिसली. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखी पांढुरकी.

मीट आता, हे म्हणायचं तिचं राहूनच गेलं.

मग रुखमाबाईने जीभ वर केली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली.