तिसऱ्या दिवसाचा आकडा

पडद्यावर सोळाव्यांदा ‘कनेक्शन नाकारलं’ असं उमटलं आणि अनुपमाने कपाळाला हात लावला.

बाहेर शेतकरी कंपनीच्या अंगणात पंधरा-वीस माणसं पाठीला फवारणीचे रिकामे पंप अडकवून उभी होती. सगळ्यांचे कान तिच्या संगणकाकडे. संग्रामपूरच्या आसपासच्या बावीस गावांत एकशेचाळीस बाया रोज सकाळी कपाशीतले सापळे बघत, त्यांत अडकलेले बोंडअळीचे पतंग मोजत आणि आकडा मोबाइलवरून पाठवत. लागोपाठ तीन दिवस सापळ्यामागे सरासरी आठाच्या वर गेली की अनुपमाचा प्रोग्राम सगळ्यांना फवारणीचा निरोप धाडायचा, आणि तिसऱ्या दिवशी ती उतरली तर थांबण्याचा. परवा नऊ भरले होते, काल दहा. आज तिसरा दिवस, आणि आजचा एकही आकडा जमा होत नव्हता.

काल संध्याकाळी तिनंच सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं होतं. आधी प्रोग्राम आणि आकड्यांचा साठा, म्हणजे डेटाबेस, एकाच जागी नांदत होते. आता तिने दोघांना वेगवेगळे कंटेनर, म्हणजे सर्व्हरमधल्या स्वतंत्र खोल्याच, दिले होते. एक बिघडला तरी दुसरा शाबूत राहावा म्हणून. डेटाबेस चालू होता. पासवर्ड बरोबर होता. तरी प्रोग्रामला तो काही सापडत नव्हता.

महादेवराव दारात येऊन उभे राहिले. त्यांनी पहिला फवारा मारला की अख्खं गाव फवारायला निघायचं, इतका त्यांचा शब्द. बीटी बियाणं आलं तेव्हा अळीची कटकट मिटली असं त्यांनीच चारचौघांत सांगितलं होतं. पुढे गुलाबी अळीने तेही पचवलं, तेव्हापासून त्यांचा भरवसा फक्त औषधावर. मागच्या हंगामात फवारता फवारता त्याच औषधाची बाधा होऊन ते बांधावरच कोसळले आणि चार दिवस दवाखान्यात पडून होते. घरी आल्यावर त्यांच्या बायकोने, सत्यभामाबाईंनी, सापळे मोजणाऱ्या बायांत नाव घातलं. आत्ताही त्या नवऱ्यामागे गप्प उभ्या होत्या.

“पोरी, ऊन चढून राह्यलं,” महादेवराव म्हणाले. “नऊ झाले, दहा झाले, आज अकरा असतीन. निंगतो आम्ही.”

“दहा मिनिटं थांबा न काका! प्रोग्रामले डेटाबेस सापडून नाही राह्यला.”

“बरं, मले एक सांग. तुहा थो प्रोग्राम त्या डेटाबेसले पाह्यते कुठी?”

“कुठी म्हंजे? आपल्याच घरात...”

अनुपमाचं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

प्रोग्रामला दिलेला पत्ता होता ‘लोकलहोस्ट’. म्हणजे स्वतःचंच घर. दोघं एकत्र होते तोवर ठीक होतं. आता कंटेनर वेगळा, तर घरही वेगळं. बिचारा प्रोग्राम रात्रभर आपल्याच चार भिंती चाचपत बसला होता आणि डेटाबेस शेजारी दार उघडं टाकून बसला होता. ती मोठ्याने हसली. लोकलहोस्ट खोडून तिने तिथे शेजारच्या कंटेनरचं नाव लिहिलं.

‘हे नाव सापडत नाही,’ पडदा म्हणाला.

पण आता ती घाबरली नाही. रडगाणं बदललं, म्हणजे वाट बरोबर होती. दोन्ही कंटेनर दोन वेगळ्या नेटवर्कवर होते. तिने त्यांना एकाच नेटवर्कवर आणलं आणि पुन्हा बटण दाबलं.

मोबाइलमध्ये अडकून पडलेले आकडे धो धो यायला लागले. सोनाळा, टुनकी, बावनबीर, पातुर्डा, एकामागून एक गावं! अनुपमा खुर्चीवरून उठून चक्क नाचली. मग तिचं लक्ष आकड्यांकडे गेलं. दोन. चार. एक. तीन. परत काहीतरी बिघडलं, असं वाटून तिने बायांची नावं, गावं, तारीख सगळं पडताळलं. कुठेच चूक नव्हती. सरासरी जेमतेम तीन.

तेवढ्यात अंगणातले सगळे फोन एकदम वाजले.

महादेवरावांनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि अडखळत वाचलं, “पतंग कमी झाले आहेत. आज फवारणी करू नका.”

मग कोणीतरी “जमलं बे!” म्हणून ओरडलं आणि धपाधप पंप खाली उतरायला लागले. कोणी पोराला चहा आणायला पिटाळलं, कोणी अनुपमाच्या नावाने शिट्टी मारली. महादेवराव मात्र फोनकडे बघतच राहिले.

“हे खरं असन का व?” त्यांनी बायकोला विचारलं.

सत्यभामाबाईंनी त्यांच्या खांद्यावरचा पट्टा सोडवला, पंप काढून भिंतीशी ठेवला आणि त्या सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

“माह्या सापळ्यात सकाळीच एक पतंग होता फक्त. पण मी एकटीनं म्हणलं असतं, त तुम्ही थांबले असते काय?”